दादरमधील मॅमोग्राफी आणि अर्जात नसलेला रकाना

गेल्या महिन्यात दादर पश्चिमेच्या एका निदान केंद्रात मी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार त्या एकाच ठिकाणापुरती असेल असे वाटत नाही. मला अकरा वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात आहे, दर रविवारी त्यावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध घ्यावे लागते आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

यंत्रावरच्या तंत्रज्ञ मुलीचे कौतुक आधी करायला हवे. माझी वाकडी बोटे पाहून तिने दांडी घट्ट धरण्याचा आग्रह सोडला, हात न ओढता यंत्राचा कोन बदलला आणि मध्ये मला बसू दिले. दाब पडला तेव्हा दुखले, पण रोज सकाळी मूठ वळत नाही त्यापुढे ते काहीच नव्हते.

खरी उणीव अर्जात होती. घरातील कर्करोग, पाळी, बाळंतपणे, मधुमेह हे सारे विचारले होते. सांध्यांच्या आजाराला रकाना नव्हता आणि मलाही तो सांगण्याचे सुचले नाही. अहवालात दोन्ही काखांतील लसिकाग्रंथी वाढल्याची नोंद आली आणि कर्करोगाच्या भीतीने चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. संधिवात भडकलेला असताना या ग्रंथी त्यामुळेही वाढतात, हे माझ्या रुमॅटॉलॉजिस्टांनी (संधिवाततज्ज्ञांनी) सांगितले. तरीही त्यांनी सोनोग्राफी करायला लावली, आणि ते योग्यच झाले.

तक्रार केली तेव्हा काउंटरवरून उत्तर मिळाले, "संधिवात असलेल्यांना स्तनाचा कर्करोग कमीच होतो, मॅडम." हे अर्धे खरे आहे. २१ अभ्यास एकत्र करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अशा रुग्णांमधील स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या ०.८४ पट, म्हणजे सुमारे १६ टक्क्यांनी कमी आढळले होते. पण त्याच विश्लेषणात लिम्फोमाचे (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे) प्रमाण दुपटीहून थोडे अधिक आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे १.६३ पट निघाले. शिवाय सरासरी कमी भरली म्हणून कोणा एकीला तपासणीतून सूट मिळत नाही.

आणखी एक गोष्ट खटकली. तेथे डॉक्टर हाताने तपासत नाहीत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांच्या हातांनी दर दोन वर्षांनी झालेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. सुजलेल्या बोटांना स्वतःची गाठ चाचपता येत नाही. आम्हाला तर त्या हातांची गरज अधिकच.

पुढच्या वेळी त्याच तंत्रज्ञ मुलीची ड्यूटी असेल तर मी तेथेच जाईन. आजाराचे नाव मात्र अर्जाच्या समासात ठळक लिहीन.