ग्रँड आयलंड बोट ट्रिप: बेटाला पाच स्टार, ट्रिपला अडीच

बोटवाल्याचं नाव घेत नाही, कारण गोव्यात कोको बीचवरून निघा नाहीतर सिकेरीवरून, पॅकेज सगळ्यांचं तेच असतं: डॉल्फिन, स्नॉर्कलिंग, गरी टाकून मासे पकडणं, जेवण आणि बिअर. एवढ्यासाठीच जायचं असेल तर खुशाल जा, पैसे वसूल होतील. पण बेट बघायला म्हणून जाणार असाल तर आधी थोडं वाचून जा, बोटीवर कोणी काही सांगत नाही.

जाताना मजा येते हे खरं. आग्वादचा किल्ला मागे पडतो, डावीकडे काबोचं राज्यपालांचं निवासस्थान, मग जुवारी नदीचं तोंड आणि लांब मुरगाव पोर्टच्या क्रेन. डॉल्फिन दिसले, पण दिसले रे दिसले की चार बाजूंनी बोटी इंजिन चालू ठेवूनच अंगावर जातात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्युलमधला, म्हणजे कडक संरक्षण असलेला प्राणी आहे तो, पण पब्लिकला रील हवं असतं.

मग गाइडने ठोकून दिलं की महायुद्धातली जर्मन जहाजं याच बेटापाशी बुडवली. अरे बाबा, ती मुरगाव बंदरात बुडाली! 1939 ला युद्ध सुरू झाल्यावर एरेनफेल्स आणि आणखी दोन जर्मन जहाजं, शिवाय एक इटालियन, अशी चार पोर्तुगीज हद्दीत आसरा घेऊन बसली होती, आणि एरेनफेल्सवरून जर्मन पाणबुड्यांना वायरलेसने खबर जाते असा ब्रिटिशांना संशय. पोर्तुगाल युद्धात तटस्थ, उघड हल्ला करता येईना म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी राखीव पलटणीचे पोटं सुटलेले मध्यमवयीन मेंबर फीबी नावाच्या जुन्या बार्जमधून आणले, 9 मार्च 1943 च्या रात्री ते एरेनफेल्सवर चढले आणि जर्मन आणि इटालियन खलाशांनी चारही जहाजं बुडवायला स्वतःच सुरुवात केली. एवढी भारी स्टोरी, आणि बोटीवर चुकीची सांगतात. बेटाजवळ बुडालेलं जहाज आहे, स्कूबावाले नेतात, पण ते वेगळं.

बेट म्हणजे सरळ पाण्यात उतरणारे खडक, वर दाट झाडी, वस्ती नाही, जेवायला उतरवतात ती छोटीशी पुळण. सगळे चिकनच्या रांगेत असताना पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड डोक्यावरून गेला, पंजात काहीतरी वळवळत होतं, समुद्री सापच असावा. ही जोडपी वर्षानुवर्षं तेच घरटं काटक्या घालून वाढवत नेतात. मी बोट दाखवून सांगितलं तर एकाने घार म्हणून सोडून दिलं.

खरा माल पाण्याखाली आहे. खडकांवर ठिगळाठिगळाने प्रवाळ, त्यातली टर्बिनेरिया नावाची जात कोबीच्या पानांसारखी वळलेली. पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं गोडं, गढूळ पाणी येतं, वर बंदराची रहदारी, तरी ही टिकून आहेत. समोर दोनापावलाला एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आहे, तिथल्या लोकांनी यांच्या रोगांवर अभ्यास केलाय. 2001 पासून टणक सांगाड्याच्या प्रवाळांना पहिल्या शेड्युलचं संरक्षण आहे, आणि आमच्या बोटीतले दोघे फोटोसाठी त्यांच्यावरच उभे! बोटीवरचा पोरगा मासे जमावेत म्हणून ब्रेड टाकत होता, त्यांना काही बोलला नाही. मीच ओरडलो.

मास्क गळका होता, नाकात पाणी जातं, स्वतःचा असेल तर न्या. लाइफ जॅकेट मात्र चांगले होते आणि तांडेल (बोट चालवणारा) एकदम हुशार माणूस, त्याला पक्ष्यांबद्दल विचारलं तर गाइडपेक्षा जास्त माहिती निघाली. फिश फ्राय थंड. गरीला एक गोबरो मासा लागला, पण पिल्लू होतं म्हणून सोडला.

बुकिंगला घाई करू नका, पहिला भाव सांगतात त्याच्या खाली येतातच. चतुर्थी झाल्यावर लगेच जाऊ नका, पाणी गढूळ असतं, डिसेंबर-जानेवारीत बरं दिसतं. आणि शक्य असेल तर वीकेंड सोडून जा, रविवारी त्या पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते.