लेबलावरचा हिशेब जुळतो का? एका सप्लिमेंट ब्रँडचे परीक्षण

एका सप्लिमेंट ब्रँडची तीन उत्पादने मी गेले आठ महिने वापरत आहे: व्हिटॅमिन डी, मॅग्नेशियम आणि केसांसाठीच्या बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या. गुण आला की नाही, याबद्दल मी येथे लिहिणार नाही. थकवा कमी झाला तो गोळीमुळे की झोप सुधारल्यामुळे, हे एकट्या माणसाला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि म्हणूनच पाच तारे दिलेल्या अभिप्रायांचा ढीग अशा उत्पादनांच्या बाबतीत फारसा उपयोगी पडत नाही. बाटलीवर जे छापले आहे ते बाटलीत आहे का, आणि विचारणा केली तर कंपनी आकडे देते की टाळाटाळ करते, एवढेच मला पाहायचे होते.

बाटलीवर शिक्के भरपूर आहेत. ‘एफडीए नोंदणीकृत कारखाना’ हा त्यांतला सर्वांत ठळक, आणि सर्वांत कमी कामाचा. अमेरिकेची एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, सप्लिमेंट बाजारात येण्यापूर्वी त्याला मंजुरी देत नाही; कारखान्याची नोंदणी म्हणजे निव्वळ नोंदणी. ‘जीएमपी’चा (चांगल्या उत्पादन पद्धतींचा) शिक्का उत्पादनाच्या शिस्तीबद्दल काही सांगतो, पण तुमच्या हातातल्या बाटलीतील मात्रेची हमी देत नाही. ‘लॅब टेस्टेड’ या शिक्क्यात प्रयोगशाळेचे नावच नाही. याउलट यूएसपी किंवा एनएसएफ यांसारख्या संस्था उत्पादनातील घटक स्वतः तपासतात आणि प्रमाणित उत्पादनांची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, त्यामुळे शिक्का खरा की नुसता छापलेला हे कोणालाही पाहता येते. या ब्रँडकडे असे प्रमाणपत्र नाही. त्याला खर्च येतो, तेव्हा तेवढ्यावरून मी कोणाला खोटे ठरवणार नाही.

म्हणून मी व्हिटॅमिन डीच्या बाटलीच्या तळाशी असलेला बॅच क्रमांक कळवून तपासणी अहवाल मागवला. पहिल्यांदा आलेला अहवाल दुसऱ्याच बॅचचा होता आणि त्यात प्रत्येक ओळीपुढे फक्त ‘उत्तीर्ण’ असे लिहिलेले होते, म्हणजे परीक्षेचे गुण न सांगता निकाल सांगण्यासारखा प्रकार. पुन्हा लिहिल्यावर मात्र योग्य बॅचचा अहवाल आला. त्यात प्रयोगशाळेचे नाव होते, तपासणीची पद्धत होती, शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांचे प्रत्यक्ष आकडे होते. लेबलावर २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे १००० आययू (व्हिटॅमिन मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) लिहिले आहे, तर अहवालातील मात्रा त्याहून किंचित जास्त होती. हे ठीकच आहे, कारण व्हिटॅमिन काळानुसार क्षीण होत असल्याने मुदत संपेपर्यंत लेबलाइतकी मात्रा उरावी म्हणून उत्पादक थोडे अधिक घालतात.

मॅग्नेशियमने मात्र निराशा केली. दोन कॅप्सूलमध्ये ‘मॅग्नेशियम बिसग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम’, आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘यातून मिळणारे मॅग्नेशियम २०० मिलिग्रॅम’. बिसग्लायसिनेट म्हणजे ग्लायसिन या अमिनो आम्लाशी जोडलेले मॅग्नेशियम. येथे कागद-पेन्सिल घ्यावी. शुद्ध बिसग्लायसिनेटमध्ये वजनाच्या साधारण १४ टक्केच मॅग्नेशियम असते, म्हणजे हजारातून १४० च्या आसपास. मग उरलेले ६० कोठून आले? ग्राहक सेवेने दोन आठवड्यांनी उत्तर दिले की हे मिश्रण ‘बफर्ड’ आहे, म्हणजे त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळलेले आहे. ऑक्साइड स्वस्त असते, त्यात सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम असते, पण ते शरीरात नीट शोषले जात नाही. ते मिसळणे हा गुन्हा नव्हे. घटकांच्या यादीत त्याचा उल्लेखच नसणे, हे मला खटकले. बिसग्लायसिनेटच्या नावाने ऑक्साइड विकत घेण्याची माझी इच्छा नव्हती.

गमीजबद्दल मुळातच मी साशंक होतो. २०२३ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या मेलाटोनिनच्या २५ गमी उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यांपैकी २२ उत्पादनांवरील मात्रा चुकीची निघाली होती. बायोटिनचा प्रश्न वेगळा आहे. प्रौढांना दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरेसे मानले जाते. या गमीत १०,००० आहेत. एवढ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानात वापरल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीचे निष्कर्ष चुकू शकतात, असा इशारा एफडीएने २०१७ मध्येच दिला आहे. बाटलीवर ‘घनदाट केस’ तीन ठिकाणी लिहिले आहे, हा इशारा एकाही ठिकाणी नाही.

व्हिटॅमिन डी मी याच ब्रँडचे पुन्हा घेईन, मात्र प्रत्येक नव्या बॅचचा अहवाल मागवून. मॅग्नेशियम दुसरीकडून मागवले आहे. तेथे ऑक्साइड आहे, पण ते यादीत सरळ लिहिलेले आहे. गमीज बंद केल्या. पुढच्या आठवड्यात थायरॉइडची तपासणी आहे, आणि आतापर्यंत त्या घेत होतो हे प्रयोगशाळेला आधीच कळवले आहे.