जुना डेस्क माइक: मूळ सर्किट दुरुस्त करायचं की इलेक्ट्रेट टाकून मोकळं व्हायचं?

हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओसाठी, जुना डेस्क माइक मिळाला आणि तो चालत नसला की दोनच विचार येतात, मूळ सर्किट दुरुस्त करायचं का सगळं उपसून आत स्वस्तातली इलेक्ट्रेट (कायम चार्ज असलेली) कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा छोटा भाग, बसवायची. माझं मत आधीच सांगतो, आतली कॅप्सूल डायनॅमिक (चुंबकात हलणाऱ्या कॉइलची) असेल आणि तिची कॉइल शाबूत असेल तर दुरुस्तच करा, क्रिस्टलची असेल आणि गेली असेल तर तिच्या नादाला लागू नका.

आधी उघडून तर बघा, कारण कितीतरी वेळा कॅप्सूलला काही झालेलंच नसतं, केबल बेसमधून बाहेर येते तिथे आतल्या आत तुटलेली असते नाहीतर पीटीटीच्या (बोलताना दाबायच्या बटणाच्या) पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात. आपल्याकडे घराशेजारी लूम असेल तर सुताची धूळ बेसच्या आत जाऊन बसते, ब्रशने झाडा, पट्ट्यांमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर लावलेला साधा कागद धरून ओढा, पॉलिश पेपर नको, वरचा मुलामा निघून जातो. प्रीअँपवाला (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट आत असलेला) माइक असेल तर विसरलेली ९ व्होल्टची बॅटरी फुटून क्लिप खाल्लीय का तेपण बघा.

मग कॅप्सूल. एक वायर सोडवायची, मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्रोब टेकवायचे आणि कॅप्सूल कानाजवळ धरायची, डायनॅमिक चांगली असेल तर काहीशे ओहम दिसतात आणि टेकवताना बारीक टक् ऐकू येतं. मीटर ओपन दाखवत असेल तर कॉइल तुटली. टक् आलं तर मग दोष पुढे प्रीअँपमध्ये, आणि तिथे बहुतेक वेळा सुकलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ते सरसकट बदलून टाका, ट्रान्झिस्टरकडे नंतर बघू.

क्रिस्टलचं वेगळं आहे. ॲस्टॅटिक डी-१०४ सारख्या माइकमध्ये रोशेल सॉल्टचा क्रिस्टल असतो, त्याला दमट हवा सोसत नाही आणि ५५ अंशांच्या आसपास तो कायमचा जातो, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद गाडीत राहिला तर संपला. चालू असला तरी त्याला मेगओहममधला लोड लागतो, सरळ आजच्या ६०० ओहमच्या रिगला (रेडिओ सेटला) जोडला की आवाज पातळ, खालचा भाग गायब, मध्ये एफईटीचं (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचं) सर्किट टाकावंच लागतं.

इलेक्ट्रेट स्वस्त, सोपी, आउटपुट भरपूर. पण साधी कॅप्सूल चारी बाजूंचा आवाज घेते, खोलीत कूलर चालू असेल किंवा बाहेर लूमची खटखट असेल तर समोरच्याला तुमच्याआधी तेच ऐकू येणार, चांगला डायनॅमिक डेस्क माइक समोरून बोललेलं जास्त आणि मागचं कमी घेतो. दुरुस्तीकडे माझा कल आहे तो यामुळेच.

आणि इलेक्ट्रेटला डीसी (बॅटरीसारखा पुरवठा) लागतो. आयकॉमच्या रिगमध्ये तो माइकच्या पिनवरच येतो, केनवूडच्या ८ पिनच्या गोल सॉकेटवर ५ नंबरला ८ व्होल्ट असतात आणि येसूच्या तशाच सॉकेटवर २ नंबरला ५ व्होल्ट, या दोघांत तिथून २.२ केच्या रेझिस्टरमधून कॅप्सूलला द्यायचा आणि ऑडिओ १ मायक्रोफॅरडमधून पुढे काढायचा. सॉकेट दिसायला तिन्हींचं सारखंच, पिना मात्र वेगळ्या, त्यामुळे मॅन्युअल बघितल्याशिवाय सोल्डर गरम करू नका. डायनॅमिक आयकॉमला लावायचा असेल तर उलटं, येणारा डीसी अडवायला सिरीजमध्ये कपॅसिटर हवा आणि लेव्हल कमी पडते म्हणून प्रीअँपही हवा.

केनवूड, येसूवाल्यांसाठी अजून एक रस्ता आहे, प्रीअँप बायपास करून कॅप्सूल सरळ रिगला. रिगमध्ये माइक गेन आणि प्रोसेसर असतोच, वरून अजून गेन दिला की खोलीचा गोंगाट वाढतो आणि आरएफ (आपण पाठवत असलेला रेडिओ सिग्नल) माइकमध्ये शिरायला वाव मिळतो. ४० मीटरच्या रेडिओ बँडवर १०० वॉटला आवाज फाटायला लागला तर कॅप्सूलवर १ नॅनोफॅरडचा डिस्क कपॅसिटर टाका, केबलवर फेराइट चढवा, शील्ड कुठे सुटलीय का ते बघा.

घाईने नवीन माइक घेऊ नका, रिगसोबत आलेला हँड माइक तोवर चालतो. दुरुस्त झाल्यावर अँटेना काढा, डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, एएलसीवर (माइकची लेव्हल जास्त होतेय का ते दाखवणाऱ्या रिगच्या मीटरवर) लक्ष ठेवून बोला आणि दुसऱ्या रिसीव्हरला हेडफोन लावून स्वतःचा आवाज ऐका, कूलर चालू ठेवून.