मुलुंडचा फ्लॅट आणि 35,000 चं पॅकेज : माझा अनुभव

माणूस गेल्यावर कागदपत्रं करून देणाऱ्या ऑफिसांच्या जाहिराती हल्ली सगळीकडे दिसतात ना, बँक, सोसायटी, इन्कम टॅक्स सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सह्या करा, त्यातल्याच ठाण्यात नौपाड्यातल्या एका ऑफिसचा हा रिव्ह्यू आहे. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे जो घोळ सांगणारे तो वाचून कोणी त्यांच्या अंगावर जाऊ नये, मुलं बिचारी मेहनती आहेत.

तर झालं असं की फेब्रुवारी 2024 ला मामा गेला. मामी आधीच गेलेली. मामाने विल केलं होतं आणि त्यात एक्झिक्युटर, म्हणजे विलप्रमाणे सगळं वाटून देणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव टाकलेलं, हे मला तेराव्यानंतर कळलं. मुलगा, मुलगी दोघं असताना भाचीला का, तर दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि माझं दोघांशी पटतं. (पटायचं, असं म्हणू या.) विल साधं, दोन पानी, टाइप केलेलं, रजिस्टर न केलेलं, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. ठाण्यातला चरईचा फ्लॅट दादाला, म्हणजे मामाच्या मुलाला, मुलुंड पूर्वेचा वन बीएचके टोरंटोतल्या धाकटीला, एफडी आणि शेअर्स निम्मे निम्मे.

माझी नोकरी, वर सासूबाईंचं आजारपण, म्हणून 35,000 देऊन पॅकेज घेतलं. आधी चांगलं सांगते. पहिल्याच दिवशी त्या मुलाने सांगितलं की ताई, मृत्यूच्या दाखल्याच्या महापालिकेतून दहा तरी कॉप्या काढून ठेवा, आणि खरंच आठ लागल्या. पोस्टातलं पीपीएफ, दोन बँकांच्या एफडी, सगळे क्लेम फॉर्म भरून, कुठे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावून घरी आणून दिले. गेलेल्या माणसाचाही रिटर्न भरावा लागतो आणि त्यासाठी इन्कम टॅक्सच्या साइटवर वारस म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं, तेही त्यांनी केलं. आणि रिझर्व्ह बँकेचं ते उद्गम पोर्टल आहे ना, 2023 मध्ये सुरू झालेलं, दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी शोधायचं, त्यावर मामाच्या नावाने शोधलं तर एक जुनं बचत खातं निघालं. रक्कम फार नाही, पण पैसे घरात आले, आणि मामाने ते कधी उघडलं होतं हे कोणालाच आठवत नव्हतं. इथपर्यंत मी त्यांना पाचपैकी पाच दिले असते.

आता घोळ.

मी पहिल्याच मीटिंगला विचारलं होतं, प्रोबेट, म्हणजे विल खरं आहे असं कोर्टाचं शिक्कामोर्तब, लागेल का? उत्तर आलं, नाही ताई, ठाण्यात प्रोबेट लागत नाही. हे खरंच होतं, पण अर्धं. तेव्हाचा कायदा असा होता की मुंबई, कोलकाता आणि चेन्नईच्या हायकोर्टांची जी मूळ दिवाणी हद्द (म्हणजे जिथली काही दिवाणी प्रकरणं थेट हायकोर्टातच दाखल होतात तो भाग), त्या हद्दीत विल केलेलं असेल किंवा हद्दीतल्या घराजमिनीबद्दल असेल तर हिंदूंच्या विलला प्रोबेट सक्तीचं. ठाणे त्या हद्दीबाहेर. पण मुलुंड बृहन्मुंबईत! म्हणजे ठाणे-मुंबईच्या हद्दीवरच्या चेकनाक्याच्या अलीकडच्या फ्लॅटला प्रोबेट नको आणि पलीकडच्याला पाहिजेच, रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर. मालमत्तेची यादी मी स्वतः टाइप करून दिली होती, त्यात दोन नंबरला मुलुंड लिहिलेलं होतं, पण ऑफिसचा पत्ता ठाणे, मामाचा पत्ता ठाणे, आणि कोणी यादी वाचलीच नाही.

याच्यावर कडी म्हणजे मुलुंडच्या सोसायटीत मामाने खूप वर्षांपूर्वी नॉमिनी म्हणून दादाचं नाव दिलेलं. दादा म्हणायला लागला, नॉमिनी मी आहे, विलचा प्रश्न येतोच कुठे. आणि ऑफिसमधल्या मुलाने त्याच्यासमोर मान डोलावून सांगितलं, हो सर, नॉमिनी असला की काम सोपं होतं. झालं! दादाच्या डोक्यात जे पक्कं बसलं ते काढायला मला दोन महिने लागले. नॉमिनी म्हणजे मालक नाही हो. सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरता तो, खरी मालकी विलप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणे जाते. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. हे मला शेवटी कोर्ट नाक्यावरच्या एका वकीलकाकांनी सांगितलं, कन्सल्टेशनचे 1,500 घेऊन, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे तेच. त्यांनी यादीवर एकदा नजर टाकली, मुलुंडवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे कोण बघतंय? मार्च ते जून, चार महिने गेले होते तोवर.

मग हायकोर्टाची ओरिजिनल साइड (तीच थेट हायकोर्टात दाखल होणारी प्रकरणं) करणारी वकीलबाई शोधली, तिची फी वेगळी. विलमध्ये एक्झिक्युटर असेल तर त्यालाच प्रोबेट मिळतं, नसेल तर लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागावं लागतं, म्हणजे अर्जदार मीच. विलची ओरिजिनल प्रत कोर्टात जमा करायची, मालमत्ता आणि कर्जाचं शेड्यूल जोडायचं, दोनपैकी निदान एका साक्षीदाराचं अॅफिडेव्हिट, वारसांची संमती. आमचा एक साक्षीदार वारलेला, दुसरे मामाचे जुने डॉक्टर, ते मुलाकडे नाशिकला राहायला गेलेले. पॅकेजवाल्यांना विचारलं तर म्हणे आउटस्टेशन आम्ही करत नाही. मीच खोपटहून एसटी पकडून गेले. डॉक्टरांना मामा बरोब्बर आठवत होता, मामाची शुगर किती असायची तेही आठवत होतं, सही केल्याचं मात्र सुरुवातीला आठवेना! विलची झेरॉक्स दाखवली तेव्हा म्हणाले, अरे हो, ही माझीच, त्या दिवशी वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली होती. मामी गेल्यानंतर कोणी तिच्या खिचडीचं नाव काढलं नव्हतं, मला तिथेच भरून आलं.

धाकटीने टोरंटोच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन संमतीचं अॅफिडेव्हिट केलं आणि कुरियरने पाठवलं. दादाचं अडलेलं. त्याने कॅव्हेट, म्हणजे माझं ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका असा कोर्टात अर्ज, टाकलं असतं आणि विरोध केला असता तर प्रकरण दाव्यासारखं चालवावं लागलं असतं, मग वर्षं किती ते कोण सांगणार. सप्टेंबरात आमच्या गणपतीला आला, आरती झाली, जेवला, आणि बडीशेप खाता खाता म्हणाला, आण ते कागद. वकिलांनी इतके दिवस समजावलं ते उकडीच्या मोदकाने केलं असं मी म्हणणार नाही, पण मोदक होते खरे.

ऑक्टोबर 2024 मध्ये पिटिशन गेलं. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर असते पण तिला 75,000 ची कमाल मर्यादा आहे, आम्हाला पूर्ण 75,000 लागली. शिवाय पेपरात नोटीस, तिचा खर्च वेगळा. त्याच महिन्यात राज्यात शंभर आणि दोनशेचे स्टॅम्प बंद होऊन कमीत कमी पाचशेचा झाला. पॅकेजवाल्यांनी बँकेच्या इंडेम्निटी बॉंडसाठी (पुढे कोणी दावा केला तर नुकसान भरून देऊ अशी लेखी हमी) माझ्या पैशाने आधीच घेऊन ठेवलेले स्टॅम्प तोवर वापरलेलेच नव्हते, आता परत पाचशेचे घ्या. हा दोष पूर्ण त्यांचा नाही, मान्य आहे, पण मे महिन्यात घेतलेले स्टॅम्प ऑक्टोबरपर्यंत ड्रॉवरमध्ये कशाला ठेवायचे?

प्रोबेट हातात आलं नोव्हेंबर 2025 मध्ये. आणि डिसेंबर 2025 मध्ये संसदेने कायदा बदलून ती सक्ती, म्हणजे भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चं कलम 213, काढूनच टाकली. हसावं की रडावं! नवरा म्हणाला, तू थोडं थांबायला हवं होतंस. मी त्याच्याशी एक दिवस बोलले नाही. पण एक सांगते, हाताशी प्रोबेट होतं म्हणून मुलुंडच्या सोसायटीत सेक्रेटरींनी एकही उलटा प्रश्न न विचारता फाइल कमिटीसमोर ठेवली, आणि घरात नॉमिनीवरून वाद असेल तर सक्ती नसतानाही मी प्रोबेट घेतलंच असतं.

तर रेटिंग. बँक, पोस्ट, टॅक्स यासाठी पाचपैकी साडेचार. सल्ल्यासाठी एक, तोही त्या मुलाच्या पिवळ्या चिठ्ठ्यांकडे बघून. घ्यायचंच असेल पॅकेज तर आधी वकिलाला यादी दाखवा, त्यातल्या प्रत्येक घराचा पिनकोड वाचायला लावा, आणि मग फॉर्म भरायला यांच्याकडे जा. नॉमिनीबद्दल त्यांना घरच्यांसमोर तोंड उघडू देऊ नका, प्लीज.

माझं काम अजून संपलेलं नाहीये. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची इन्व्हेंटरी आणि वर्षाच्या आत सगळा जमाखर्च एक्झिक्युटरने कोर्टात सादर करायचा असतो. मागच्या आठवड्यात ऑफिसला फोन करून विचारलं, हे पॅकेजमध्ये येतं ना? तो मुलगा जरा घुटमळला आणि म्हणाला, ताई, ते एक्स्ट्रा.