स्मार्ट फिल्म, दुधी काच की पडदा? बेळगाव परिसरातील घरांसाठी एक तुलना

बटण दाबताच स्वच्छ होणारी आणि बंद करताच दुधी पडणारी स्मार्ट फिल्म घराच्या खिडकीला लावावी की नाही, हे ठरवण्याआधी ती खिडकी दिवसातून किती वेळ उघडी असते ते पाहावे. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर असलेल्या बेळगावात भर पावसाचे दिवस सोडले, तर बहुतेक घरांत वाऱ्यासाठी खिडक्या उघड्याच ठेवल्या जातात, आणि उघड्या खिडकीत काचेवरची कोणतीही फिल्म आडोसा देऊ शकत नाही. शहापूर-वडगावच्या बोळांत, जिथे समोरच्या घरातले बोलणे आपल्या सोप्यात ऐकू येते, तिथे आडोशाची गरज सर्वांत जास्त. पण तिथल्या लाकडी झडपांच्या आणि लोखंडी गजांच्या खिडक्यांना वारा आत घेऊन नजर अडवणारा साधा सुती पडदाच अजून सर्वांत योग्य आहे. म्हणून पुढची तुलना मुख्यतः कायम बंद राहणाऱ्या काचेची आहे: जिन्यातली उभी काच, रस्त्याकडेची मोठी पक्की खिडकी, किंवा खोलीतच केलेल्या कार्यालयाचे काचेचे पार्टिशन.

या फिल्ममध्ये दोन पारदर्शक प्लास्टिक थरांच्या मध्ये पॉलिमर असतो आणि त्यात द्रवस्फटिकाचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठात 1980 च्या दशकात ज्या संशोधनातून हे तंत्र आकाराला आले, त्याचेच हे घरगुती रूप आहे. वीज मिळाली की थेंबांतले रेणू एका दिशेने वळतात आणि प्रकाश सरळ पार जातो. वीज गेली की ते वाटेल तसे फिरतात, प्रकाश विखुरतो आणि काच दुधी दिसते. याचा अर्थ असा की स्वच्छ दृश्यासाठी वीज सतत लागते, आडोशासाठी लागत नाही. लाईट गेली तरी घर उघडे पडत नाही, ही सोय मोठीच. मात्र इन्व्हर्टरवर जोडणी नसेल, तर तेवढा वेळ बाहेरचे काही दिसणार नाही.

विक्रेता दुकानात जे दाखवतो त्यापेक्षा जे दाखवत नाही ते तपासावे. नमुन्याचा तुकडा दुधी करून त्यामागे हात धरा: काचेला चिकटलेल्या हाताची बोटे मोजता येतात, वीतभर मागे नेला की कडा पुसट होतात, आणि दोन हात मागे गेल्यावर नुसती छाया उरते. रात्री खोलीत दिवा असताना खिडकीलगत उभ्या माणसाचा आकार रस्त्यावरून कळतो, म्हणून कपडे बदलण्याच्या खोलीत निव्वळ या फिल्मवर विसंबू नये. स्वच्छ अवस्थेतही ती साध्या काचेइतकी निर्मळ नसते. समोरून ठीक दिसते, पण तिरप्या नजरेने पाहिल्यास धुके जाणवते. शिवाय दुधी झाल्यावरही बराचसा प्रकाश आत येतो, त्यामुळे झोपण्याच्या खोलीत अंधार हवा असेल तर पडदा लावावाच लागेल.

तरीही आरशासारख्या चकाकणाऱ्या फिल्मपेक्षा ती बरी, असे माझे मत आहे. आरसा-फिल्म दिवसा काम करते, कारण बाहेर उजेड जास्त असतो. संध्याकाळी घरात दिवे लागले की गणित उलटते आणि बाहेरच्याला सारे दिसू लागते. नेमक्या दिवेलागणीला फसणारा आडोसा काय कामाचा? पश्चिमेचे ऊन कमी करण्यासाठी ती जरूर लावावी, तेवढ्यापुरतीच. साधी दुधी फिल्म किंवा घासलेली काच मात्र न्हाणीघर आणि जिन्यासाठी अजूनही उत्तम: वीज नको, तार नको, आणि खर्च स्मार्ट फिल्मच्या मानाने अगदी किरकोळ. तिथून बाहेर पाहायचेच नसेल, तर बदलत्या काचेचे पैसे कशाला मोजावेत?

अडचण बसवण्यात अधिक असते. फिल्मच्या कडेला तांब्याची पट्टी असते, तिथून ट्रान्सफॉर्मरमार्फत साधारण 48 ते 65 व्होल्टचा प्रवाह दिला जातो. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत ही तार सरकणाऱ्या पल्ल्याबरोबर फिरवावी लागते आणि तिथेच ती वरचेवर तुटते, म्हणून सरकत्या खिडकीला स्मार्ट फिल्म लावू नये. खानापूरकडच्या पावसात चौकटीच्या खाचेत पाणी साचते आणि ओल कडेतून आत शिरली की तिथे कायमचा डाग पडतो. कडा बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू देऊ नये, कारण त्यातले आम्ल तांब्याला खाते. न्यूट्रल सिलिकॉन मागावे. खडबडीत किंवा नक्षीच्या काचेवर ती नीट चिकटत नाही आणि अमोनियाच्या क्लीनरने पुसायचीही नसते. दोन काचांमध्ये ही फिल्म बसवून आलेली तयार काच ओलीपासून अधिक सुरक्षित असते, पण बिघाड झाला तर पूर्ण काच बदलावी लागते. नवे बांधकाम असेल तरच तिचा विचार करावा.

विजेचा खर्च हा चिंतेचा विषय नाही. चौरस मीटरला सुमारे 5 वॅट धरल्यास 4 बाय 5 फुटांची खिडकी रोज दहा तास स्वच्छ ठेवली तरी महिन्याला 3 युनिटांच्या आसपास वीज लागते. 2023 पासून सुरू असलेल्या, कर्नाटकात घरगुती वीज ठरावीक युनिटांपर्यंत मोफत देणाऱ्या गृहज्योती योजनेच्या मर्यादेलगत ज्यांचा वापर असतो, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. खरा खर्च फिल्म, ट्रान्सफॉर्मर आणि तारकामाचा असून तिन्हींचे दर वेगवेगळे लिहून मागावेत.

टिळकवाडी-हिंदवाडीत नवा मजला चढवणाऱ्याने रस्त्याकडेच्या एका पक्क्या काचेपुरती ही फिल्म घ्यावी आणि गिलाव्यापूर्वीच चौकटीपर्यंत तारेसाठी पाइप टाकून ठेवावा. भाड्याच्या घरात ती लावू नये, कारण काढताना ती बहुधा फाटते आणि दुसऱ्या खिडकीच्या मापाला बसत नाही.