वाक्याच्या शेवटापर्यंत पोचणारा आवाज : पुण्यातील एका वर्गाविषयी

शिक्षक, वकील, कीर्तनकार, सूत्रसंचालक आणि ग्राहकसेवा केंद्रांत दिवसभर फोनवर बोलणारे तरुण, या सर्वांचे पोट आवाजावर चालते. तरीही गाणाऱ्याप्रमाणे बोलणाऱ्यालाही रियाज हवा, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही. पुण्यात डेक्कन परिसरातील एका शाळेच्या सभागृहात शनिवारी आणि रविवारी सकाळी आवाज जोपासनेचा एक वर्ग भरतो. दोन महिन्यांचा हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. वर्ग चालवणाऱ्या ताई रंगभूमीवर दीर्घकाळ वावरलेल्या आहेत आणि जाहिरात करणे त्यांना पसंत नाही, म्हणून येथे त्यांचे नाव देत नाही. मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे या वर्गाकडे मी मुख्यतः शिक्षिकेच्या गरजेतून पाहिले, हेही आधीच सांगितलेले बरे. माझ्या मते हा वर्ग अतिशय चांगला आहे, शुल्काच्या मानाने तो बरेच काही देतो, आणि त्याच्या ज्या उणिवा आहेत त्या सहज दूर करता येण्याजोग्या आहेत.

पहिल्याच दिवशी ताईंनी कोणती आश्वासने दिली नाहीत, ते मला फार महत्त्वाचे वाटले. ‘दोन दिवसांत भारदस्त आवाज’ अशा स्वरूपाच्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. ताईंनी त्याविषयी एक साधी शारीरिक वस्तुस्थिती समोर ठेवली. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू साधारणपणे १७ ते २५ मिलिमीटर लांबीचे असतात, तर स्त्रीचे साधारण १२ ते १७ मिलिमीटर. बोलताना ते पुरुषांमध्ये दर सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, तर स्त्रियांमध्ये दोनशेच्या आसपास कंप पावतात. ही लांबी कोणत्याही सरावाने बदलत नाही. ज्याची नैसर्गिक पट्टी मध्यम आहे त्याने ओढूनताणून खर्जात बोलायचे ठरवले, तर आवाज घरघरीत होतो, घसा लवकर थकतो आणि बोलण्यातले चढउतार हरवून सगळे एकसुरी होते. बदलता येतो तो श्वास, जबडा, जीभ आणि मान यांचा वापर, आणि त्यातून घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांत त्या ध्वनीला मिळणारा घुमारा. दोन महिन्यांचा सगळा अभ्यास या मर्यादेत राहून केलेला आहे.

या पद्धतीचे मूळ बरेचसे पाश्चात्त्य नाट्यशिक्षणात आहे आणि ताई ते लपवत नाहीत. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिकवणाऱ्या क्रिस्टिन लिंकलेटर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले होते की प्रत्येकाला जन्मतः पुरेसा समर्थ आवाज लाभलेला असतो आणि शिक्षणाचे काम त्याच्या वाटेतले ताण काढून टाकणे एवढेच आहे. त्यामुळे वर्गाची सुरुवात बोलण्याने होतच नाही. सतरंजीवर उताणे पडून पोट, बरगड्या आणि पाठ श्वासाबरोबर कशी हलतात ते केवळ न्याहाळायचे, मग सुस्कारा सोडायचा, आणि त्या सुस्काऱ्याला हळूच आवाज जोडायचा, असा क्रम असतो. पहिले दोन आठवडे हेच चालते. माझ्यासोबतच्या काही जणांना ते कंटाळवाणे वाटले आणि एक-दोघांनी येणे थांबवलेही. मात्र पुढे जे शिकवले जाते ते या पायाशिवाय निव्वळ नक्कल ठरले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आरशाचा तास हा त्यानंतरचा टप्पा आहे. १८६९ साली टास्मानियात जन्मलेले एफ. एम. अलेक्झांडर हे काव्यवाचन करणारे नट होते. कार्यक्रमाच्या वेळी त्यांचा आवाज बसू लागला आणि औषधोपचारांनी गुण येईना, तेव्हा त्यांनी आरशासमोर उभे राहून स्वतःचे निरीक्षण केले. बोलायला सुरुवात करताच आपले डोके मागे ओढले जाते, स्वरयंत्र दाबले जाते आणि श्वास आवाज करत आत घेतला जातो, हे त्यांना दिसले. ताई प्रत्येकाला आरशासमोर उभे करून फक्त आपले नाव आणि गाव सांगायला लावतात. नाव उच्चारण्याच्या आधीच, ओठही हललेले नसताना, जवळपास प्रत्येकाची हनुवटी वर उचलली जाते. हे एकदा दिसले की वर्गात फळ्याकडून मुलांकडे वळताना आपण नेमके काय करतो, याचे भान राहू लागते.

सर्वांत तत्काळ गुण देणारा व्यायाम पाण्याचा आहे. अर्ध्या पेल्यात पाणी घ्यायचे, सरबत पिण्याची नळी त्यात दोन-तीन बोटे बुडवायची, ओठ नळीभोवती नीट मिटायचे आणि ‘ऊ’ असा आवाज करत बुडबुडे काढायचे. बुडबुडे एकसारखे, सलग यायला हवेत. ते मध्येच उसळले किंवा तुटले तर श्वासाचा दाब अस्थिर आहे, हे कोणी न सांगता कळते. यामागचे कारण असे की तोंडाची वाट अरुंद केल्याने हवेचा काही दाब मागे स्वरतंतूंकडे परततो आणि ते एकमेकांवर जोराने आपटण्याऐवजी हलकेच मिटतात. वाक्चिकित्सकही हा व्यायाम वापरतात. नळी बाजूला ठेवून लगेच एखादे वाक्य म्हटले की आवाज पुढे, ओठांच्या आणि नाकाच्या हाडांपाशी आल्यासारखा लागतो. सलग तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांत शिक्षकखोलीत बसून मी हा व्यायाम करते आणि दुपारनंतर घसा खाकरण्याची माझी सवय त्यामुळे बरीच कमी झाली आहे. घसा खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर घासून आपटतात, म्हणून खाकरण्याऐवजी घोटभर पाणी प्यावे किंवा नुसता आवंढा गिळावा, हा ताईंचा सल्लाही तितकाच मोलाचा आहे.

मला हा वर्ग विशेष वाटतो तो मात्र त्याच्या दुसऱ्या महिन्यामुळे, कारण तेथे परदेशी पद्धत मागे पडते आणि मराठी बोलण्याचा स्वतंत्र विचार सुरू होतो. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही नंतर येतो. याचा अर्थ असा की आपल्या भाषेत वाक्याचा निर्णय अगदी शेवटच्या एक-दोन शब्दांवर अवलंबून असतो, आणि नेमका तेथेच अनेकांचा श्वास संपतो. ताईंनी आमच्यातल्या एकाला सूचना वाचायला दिली : ‘उद्यापासून शाळा सकाळच्या सत्रात भरणार नाही.’ त्याने ती स्वच्छ, खणखणीत सुरू केली आणि ‘नाही’ हा शब्द ओठांतच राहिला. मागच्या ओळीत बसलेल्यांनी शाळा सकाळी भरणार असेच ऐकले. त्यानंतर तीच सूचना त्याच्याकडून उलट्या दिशेने बांधून घेतली गेली : आधी केवळ ‘नाही’, मग ‘भरणार नाही’, मग ‘सकाळच्या सत्रात भरणार नाही’, असे करत पूर्ण वाक्य, आणि प्रत्येक वेळी शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच भरीव. श्वास कोठे घ्यायचा हे यातून आपोआप ठरत जाते, कारण शेवटासाठी हवा राखून ठेवावी लागते.

याच भागात जोर देण्याचाही अभ्यास आहे. ‘हे पत्र मी तुम्हाला काल दिले होते’ या वाक्यात ‘मी’, ‘तुम्हाला’ किंवा ‘काल’ यांपैकी ज्या शब्दावर भर द्यावा त्याप्रमाणे आशय पालटतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु भर म्हणजे मोठा आवाज, असा बहुतेकांचा समज असतो. ताई त्याच शब्दाआधी क्षणभर थांबायला लावतात, मग त्यावर पट्टी किंचित बदलायला लावतात, मग तो केवळ संथ उच्चारायला लावतात, आणि आवाज न वाढवताही अर्थ कसा उठून दिसतो ते दाखवतात. शिवाय ‘मीच’, ‘मीही’, ‘मी तर’ अशा रूपांत मराठीने भर आधीच शब्दात घातलेला असल्यामुळे तेथे वेगळा जोर दिल्यास बोलणे नाटकी होते, हे त्यांचे निरीक्षण सूत्रसंचालकांनी तर मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे.

पठणाचे जे नियम आपल्या परंपरेने नोंदवून ठेवले आहेत, त्यांचाही येथे उपयोग केला जातो. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्रावरील जुन्या संस्कृत ग्रंथात वाईट पाठकाचे सहा प्रकार सांगितले आहेत : गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा, डोके हलवत वाचणारा, लिहिलेले पाहून तसेच वाचत जाणारा, अर्थ न समजता वाचणारा आणि क्षीण आवाजाचा. ही यादी भिंतीवर लावलेली होती आणि प्रत्येक वाचनानंतर आपला दोष आपणच ओळखायचा होता. त्याच ग्रंथात वाघीण आपली पिल्ले दातांत धरून नेताना त्यांना ना दात लागू देते, ना खाली पडू देते, तसे वर्ण उच्चारावेत असे म्हटले आहे. जबडा आवळून शब्द चावणारे आणि ओठ न हलवता शब्द सांडणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आमच्या तुकडीत असल्याने या दृष्टान्ताची प्रचीती तेथेच येत होती.

ध्वनिमुद्रणाचा वापर जाणीवपूर्वक उशिरा केला जातो, हेही योग्यच आहे. स्वतःचा आवाज आपण हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो आणि हाडांतून येणाऱ्या ध्वनीत खालचे स्वर अधिक असतात. साहजिकच फोनवर मुद्रित झालेला आवाज पातळ आणि परका वाटतो. ही माहिती न देता पहिल्या दिवशीच मुद्रण ऐकवले, तर माणूस आपल्या आवाजाची लाज बाळगू लागतो आणि मुद्दाम आवाज काढू लागतो. येथे ते महिनाभराने ऐकवले गेले आणि ‘आवडला का’ असे न विचारता ‘शेवटचा शब्द ऐकू आला का’ असे विचारले गेले.

आता उणिवांविषयी. सभागृहाला गुळगुळीत फरशी आणि उंच छत आहे, त्यामुळे तेथे आवाज फार घुमतो. वीसेक माणसे एकाच वेळी बोलू लागली की प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो. भोवतालच्या गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवून ठेवले आहे. ताण काढण्याचा व्यायाम करताना अशा जागेमुळे नवा ताण येतो. तुकडी दहा-बारा जणांची ठेवावी किंवा आळीपाळीने बोलायला लावावे, असे मी लेखी अभिप्रायात सुचवले आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. उच्चारांवरील एका सत्रासाठी पाहुणे मार्गदर्शक आले होते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च वेगळा कसा, ळ उच्चारताना जीभ टाळूकडे कशी वळते, हे त्यांनी फार छान समजावले. परंतु खानदेशातून आलेल्या एका तरुण कीर्तनकाराच्या ‘पानी’ या उच्चारावर आणि त्याच्या हेलावर त्यांनी सर्वांसमोर ज्या स्वरात टिप्पणी केली, त्यानंतर तो मुलगा त्या दिवशी पुन्हा बोलला नाही. बातम्या वाचायच्या असतील तर प्रमाण उच्चार शिकावेच लागतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु स्वतःचा आवाज निर्धास्तपणे वापरायला शिकवणाऱ्या वर्गात कोणाच्या घरच्या बोलीला दोष मानणे हे त्या वर्गाच्या हेतूलाच छेद देणारे आहे. ताईंनी पुढच्या शनिवारी त्याला त्याच्याच बोलीत एक आख्यान सांगायला लावले आणि सभागृहाच्या टोकापर्यंत त्याचे प्रत्येक अक्षर ऐकू गेले, हे येथे नोंदवायला हवे. तरीही ते सत्र या स्वरूपात पुन्हा होऊ नये.

तिसरी उणीव प्रवेशाच्या वेळची आहे. घशाच्या तक्रारींविषयी अर्जात काहीच विचारले जात नाही. ज्यांचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आहे, त्यांनी कोणत्याही व्यायामाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घेतले पाहिजे. स्वरतंतूंवर गाठी असतील तर चुकीच्या सरावाने त्या वाढू शकतात, आणि शिक्षकांमध्ये ही तक्रार मुळीच दुर्मीळ नाही. अर्जात एक रकाना वाढवला तर एवढे काम होईल.

शुल्क पाच हजारांच्या आत आहे. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना त्यात सवलत मिळते. बुडालेला तास पुढच्या तुकडीत भरून काढता येतो. रोज वीस मिनिटे घरी सराव करण्याची तयारी नसेल तर या वर्गाला जाऊ नये, कारण आठवड्यातील दोन सकाळी केवळ दिशा दाखवतात. ज्यांना ध्वनिमुद्रण कक्षात, मायक्रोफोनजवळ निवेदन करायचे आहे, त्यांच्यासाठीही हा वर्ग पुरेसा नाही. मायक्रोफोनपासूनचे अंतर आणि श्वासाचा आवाज टाळणे यांसारख्या गोष्टी येथे येत नाहीत आणि त्यांनी त्यासाठी वेगळे शिक्षण घ्यावे. शिक्षकांना, विशेषतः साठ-सत्तर मुलांच्या वर्गात माइकशिवाय शिकवणाऱ्यांना, मी हा वर्ग आग्रहाने सुचवीन. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होते आणि जागा लवकर भरतात, त्यामुळे चौकशी सहामाही परीक्षेच्या आधीच करावी.