आयबीडीत खायचं काय: एससीडी, मेडिटेरेनियन की लो फॉडमॅप?

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आयबीडी (आतड्याला वारंवार सूज येणारे आजार), निघाला की औषधांच्या आधी घरात जेवणाची चर्चा सुरू होते, डॉक्टर 'तिखट तेलकट टाळा' एवढंच सांगून पुढचा पेशंट बोलावतात आणि मग आपण रात्री मोबाईलवर शोधत बसतो. तिथे एससीडी, मेडिटेरेनियन आणि लो फॉडमॅप ही तीन डाएटची नावं सारखी सारखी येतात. माझ्या दिराला क्रोन्स आहे, त्याचा डबा मी भरते, त्यामुळे हे सगळं स्वयंपाकघरातून बघूनच लिहितेय. माझा कल मेडिटेरेनियनकडे आहे हे आधीच सांगून टाकते.

एससीडीचं (स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट) मूळ अमेरिकेतल्या डॉ. सिडनी हास यांच्याकडे, त्यांनी ते सीलिअकच्या, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणाऱ्या, मुलांसाठी काढलं होतं. यात धान्य म्हणून जे काही असतं ते सगळंच बंद. नुसती पोळी नाही, भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, पोहे, आणि वर साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ, दूध पण. राहतं काय तर अंडी, मासे, चिकन, बऱ्याच भाज्या, मध, आणि घरी चोवीस तास लावलेलं दही, कारण तेवढ्या वेळात दुधातली साखर विरजण जवळजवळ खाऊन टाकतं. ज्याचं वजन आधीच उतरलंय आणि जो मासे-अंडी खात नाही त्याने हे कसं निभवायचं मला खरंच कळत नाही.

बरं, एवढे हाल करून फायदा जास्त होतो का? अमेरिकेत १९४ क्रोन्सच्या रुग्णांवर एससीडी आणि मेडिटेरेनियन समोरासमोर करून बघितलं, २०२१ मध्ये निकाल छापून आला. सहा आठवड्यांनी लक्षणं आटोक्यात आलेले लोक एससीडीत ४६.५ टक्के, मेडिटेरेनियनमध्ये ४३.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. आणि रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारा आकडा, कुठल्याच गटात फार जणांचा नॉर्मलला आला नाही, हे मात्र दोन्हीकडचे भक्त सांगत नाहीत.

मग जे झेपतं ते निवडा ना. मेडिटेरेनियन म्हटलं की लोकांना ऑलिव्ह ऑइलच्या महागड्या बाटल्या दिसतात, पण मुद्दा आहे भाज्या, फळं, डाळी, मासे, दाणे-बदाम जास्त आणि मटण, बेकरीचं, पाकिटातलं, साखर कमी. तारली, बांगडा आपल्या बाजारात मिळतातच की, स्वस्त पण आहेत आणि ओमेगा-३ भरपूर. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ मध्ये आयबीडीच्या बहुतेक रुग्णांना याच पद्धतीचा सल्ला दिलाय.

इथे एक मोठा पण आहे. आतडं कुठे अरुंद झालं असेल, म्हणजे रिपोर्टमध्ये स्ट्रिक्चर लिहिलं असेल, तर कच्ची कोशिंबीर, पेरूच्या बिया, मक्याचे दाणे, साली हे अडकू शकतं. दिराला मी भोपळा, दुधी, गाजर साल काढून मऊ शिजवून देते, मूगडाळ घोटून, आणि बदाम अख्खे न देता पूड करून. भाज्या सोडायच्या नाहीत, रूप बदलायचं.

लो फॉडमॅपची (फॉडमॅप म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबून गॅस करणारी काही कर्बोदकं) गोष्टच वेगळी आहे आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीत तयार झालेलं हे डाएट गॅस, फुगणं, गुरगुर यासाठी आहे, सूज उतरवण्यासाठी नाही. कोलोनोस्कोपी, कॅलप्रोटेक्टिन (शौचातून आतड्याची सूज बघायची तपासणी) ठीक आहे, तरी पोट फुगतंच, तर काही आठवडे करून बघायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा, कायमचं धरून बसायचं नाही. कांदा, लसूण, गहू, राजमा, फ्लॉवर, आंबा, दूध बंद. भात, ज्वारीची भाकरी चालते. आमटीला कांदालसणाऐवजी हिंग घालाल तर डबीवरचं वाचा, बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो.

हळदीबद्दल तर प्रत्येक नातेवाईक सांगणार. कोलायटिसमध्ये मेसालामाइन या औषधाच्या जोडीला रोज ३ ग्रॅम करक्युमिन देऊन फायदा दिसलाय हे खरं, पण हळदीत करक्युमिन असतं जेमतेम तीन टक्के, त्यामुळे हळदीच्या दुधाने तो डोस भरणार नाही. कॅप्सूल घ्यायची तर डॉक्टरांना विचारून.

लहान मुलांना क्रोन्स असेल तर ही तिन्ही बाजूला ठेवा. तिथे सहा ते आठ आठवडे फक्त लिक्विड फॉर्म्युल्यावर ठेवण्याची ट्रीटमेंट आहे आणि ती खरंच सूज उतरवते, पण ती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या हाताखालीच.

कुठलंही डाएट धरा, गोळ्या मनाने बंद करू नका, आणि सुरू करायच्या आधी व तीनेक महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन करून घ्या, कारण पोट बरं वाटतंय आणि आत सूज तशीच आहे असं या आजारात सर्रास होतं. सोबत बी १२, लोह आणि डी व्हिटॅमिन पण तपासा, शाकाहारी असाल तर बी १२ आधी.